खेळ सुरू झाल्यावर आत सोडले जाणार नाही

पुणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या फिल्म सोसायटीने या हिवाळ्यात १९५० आणि १९६० च्या दशकांतले भयपट दाखवायचे ठरवले आहे आणि निवडीची जबाबदारी तुझ्यावर आली आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र त्याच पत्रात तू लिहितोस की यांतले पुष्कळसे चित्रपट तू घरी लॅपटॉपवर पाहिलेस, ते तुला बालिश वाटले आणि अशा चित्रपटांसाठी सभासदांच्या रविवारच्या संध्याकाळी का खर्ची घालाव्यात, हे तुला समजेनासे झाले आहे. तुझी शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर जरा सविस्तर देतो. हे चित्रपट तू पाहिलेस खरे, पण ते ज्या जागेसाठी घडवले गेले ती जागा वगळून पाहिलेस. त्या काळातल्या भयपटाचा निम्मा संसार चित्रगृहात मांडलेला असे आणि तो मांडण्यात दिग्दर्शकाइतकाच चित्रगृहाच्या मालकाचा, प्रोजेक्टर चालवणाऱ्याचा आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाचा हात असे.

या गोष्टीची सुरुवात मी १९३८ पासून करीन. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या विल्शर बुलेव्हार्डवरील रेजिना नावाच्या एका छोट्या, अडचणीत आलेल्या चित्रगृहाने 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'सन ऑफ काँग' हे तीन जुने चित्रपट एकाच तिकिटात लावले. पहिले दोन १९३१ चे, म्हणजे वितरकांच्या दृष्टीने केव्हाच संपलेले. तरीही बाहेर एवढ्या रांगा लागल्या की चित्रगृह जवळजवळ दिवसरात्र चालू ठेवावे लागले. युनिव्हर्सल कंपनीने मग त्यांतल्या आपल्या दोन चित्रपटांच्या नव्या प्रती काढून ती जोडी देशभर फिरवली आणि पुढच्याच वर्षी 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' तयार केला. भयपट जुना झाला तरी गर्दीत तो पुन्हा ताजा होतो, हे एका चित्रगृहाच्या मालकाने स्टुडिओला शिकवले, आणि मला ही घटना पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते.

युद्धानंतर चित्र पालटले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपापली चित्रगृहे विकून टाकणे भाग पडले. स्वतःचे पडदे हातून गेल्यावर स्टुडिओ कमी चित्रपट काढू लागले, त्याच वेळी दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसवला आणि गावोगावच्या लहान चित्रगृहांना दर आठवड्याला लावायला काही मिळेना. दुसरीकडे मोटारीत बसून पाहायची उघड्यावरची चित्रगृहे वाढत होती. १९५८ च्या सुमारास त्यांची संख्या ४,००० च्या पुढे गेली होती. तेथे येणारी गर्दी मुख्यतः तरुण मुलामुलींची. जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आरकॉफ यांच्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीने ही भूक बरोबर ओळखली. आधी नाव ठरवायचे, मग पोस्टर, ते पाहून चित्रगृहवाल्यांचे मत घ्यायचे आणि शेवटी पटकथा लिहायची, असा त्यांचा उलटा क्रम असे. त्यांतले बरेचसे चित्रपट आज पाहवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर अधिक शाई खर्च करीत नाही. पण याच कंपनीने १९६० मध्ये रॉजर कॉर्मनला एडगर ॲलन पोच्या कथेवर रंगीत आणि रुंद पडद्याचा 'हाउस ऑफ अशर' करू दिला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

घरच्या छोट्या पडद्यावर मिळणार नाही असे काय देता येईल, हा प्रश्न आता सगळ्यांसमोर होता आणि त्याला पहिले मोठे उत्तर त्रिमितीचे मिळाले. वॉर्नर कंपनीचा 'हाउस ऑफ वॅक्स' एप्रिल १९५३ मध्ये लागला. त्याचा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ एका डोळ्याने अधू होता, त्यामुळे स्वतः निर्माण केलेला त्रिमितीचा आभास त्याला कधीच दिसला नाही. तरीही मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातली ती आग, ते वितळणारे चेहरे आणि नट व्हिन्सेंट प्राइसचा मखमली आवाज यांची त्याने केलेली रचना मला आजही थक्क करते. या तंत्राची चित्रगृहातली व्यवस्था मात्र फार नाजूक होती. डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळ्या प्रती असत आणि त्या दोन प्रोजेक्टरांवर एकाच वेळी, एका गतीने चालवाव्या लागत. एरवी एक रीळ संपले की दुसरा प्रोजेक्टर सुरू होई. येथे दोन्ही गुंतलेले असल्यामुळे रिळे बदलायला मधे थांबावेच लागे, म्हणून जेमतेम दीड तासाच्या चित्रपटालाही मध्यंतर ठेवले गेले. पडदा चंदेरी लागे, प्रेक्षकांना पोलरॉइडचे चष्मे द्यावे लागत. एक प्रत तुटली की तेवढ्याच चौकटी दुसरीतूनही कापाव्या लागत, नाहीतर दोन्ही चित्रे एकमेकांपासून सरकत आणि पाहणाऱ्याचे डोके दुखू लागे. पुष्कळ ठिकाणी एवढी निगा राखली गेली नाही. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' १९५४ मध्ये आला तोवर लाट ओसरू लागली होती आणि असंख्य प्रेक्षकांनी तो पाणराक्षस सपाट पडद्यावरच पाहिला. त्रिमितीला प्रेक्षक कंटाळले असे सरसकट लिहिले जाते, ते मला अपुरे वाटते. प्रोजेक्टरच्या खोलीतला निष्काळजीपणाही तितकाच जबाबदार होता.

आता दिग्दर्शक विल्यम कॅसल. याच्याविषयी तू लिहिलेले 'जत्रेतला जादूगार' हे शब्द मला लागले, कारण त्याच्यावर माझे प्रेम आहे. १९५८ मध्ये 'मकाब्र' लावताना त्याने प्रत्येक प्रेक्षकाचा भीतीने मृत्यू आल्यास १,००० डॉलरचा विमा लंडनच्या लॉइड्सकडून उतरवला. १९५९ च्या 'हाउस ऑन हाँटेड हिल'च्या वेळी ठरलेल्या प्रसंगी एक सांगाडा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर सरकत येई आणि मुले त्याला पॉपकॉर्नचे पुडे फेकून मारीत. येथवर तुझे म्हणणे मान्य करता येईल. परंतु त्याच वर्षीचा 'द टिंगलर' नीट पाहा. माणूस घाबरला की त्याच्या कण्याला चिकटलेला एक जीव वाढू लागतो आणि तो फक्त किंकाळीने शमतो, अशी त्याची कल्पना. पहिला बळी एका मूकपट दाखवणाऱ्या चित्रगृहाच्या मालकाची पत्नी. ती मुकी आणि बहिरी असल्यामुळे तिला किंचाळताच येत नाही. तिच्या भीतीच्या प्रसंगात सगळे काही करड्या रंगात असताना न्हाणीघरातले रक्त तेवढे लालभडक दिसते. त्यासाठी सेट आणि नटीचा चेहरा करड्या छटांत रंगवून तो भाग रंगीत फिल्मवर चित्रित केला होता.

पुढे तो जीव त्या चित्रगृहात सुटतो. पडद्यावरच्या चित्रगृहातली फिल्म तुटते, पांढऱ्या उजेडावरून त्याची सावली सरपटत जाते, मग सगळा अंधार होतो आणि व्हिन्सेंट प्राइसचा आवाज प्रेक्षकांना जिवाच्या आकांताने किंचाळायला सांगतो. नेमक्या त्या क्षणी खऱ्या चित्रगृहातल्या काही खुर्च्यांखाली बसवलेल्या छोट्या मोटारी घरघरू लागत. सगळ्या खुर्च्यांखाली त्या नसतच आणि त्याची गरजही नव्हती. दहा जण दचकून ओरडले की उरलेले आपोआप ओरडत. कथेतले प्रेक्षक आणि तिकीट काढून बसलेले प्रेक्षक एकाच अंधारात, एकाच भीतीने ओरडत आहेत, अशी सांगड याआधी कोणी इतक्या धिटाईने घातली असेल असे मला वाटत नाही. लॅपटॉपवर हा प्रसंग पाहताना तुला दिसला तो केवळ काळा पडदा आणि ऐकू आला तो केवळ एक आवाज. तो बालिश वाटला यात नवल नाही. हाच कॅसल पुढे १९६८ मध्ये 'रोझमेरीज बेबी'चा निर्माता झाला, हेही सभासदांना अवश्य सांग.

इंग्लंडमधली वाट निराळी होती. तेथे १९५१ पासून एक्स प्रमाणपत्र सुरू झाले होते आणि सोळा वर्षांखालच्यांना अशा चित्रपटांना प्रवेश नव्हता. हॅमर या लहानशा कंपनीने थेम्सकाठच्या ब्रे येथील एका जुन्या हवेलीत आपला स्टुडिओ थाटला होता. 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हा तिचा रंगीत भयपट मे १९५७ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये लागला. समीक्षक संतापले आणि प्रेक्षकांनी गर्दी केली. पुढच्या वर्षीच्या 'ड्रॅक्युला'त दिग्दर्शक टेरेन्स फिशर आणि पीटर कुशिंग व ख्रिस्टोफर ली हे नट असे तिघेही पुन्हा एकत्र आले. लीच्या वाट्याला संवाद फार थोडे आहेत, तरी तो उंचापुरा सरदार जिन्यावरून झपाट्याने खाली येतो आणि अत्यंत सभ्यपणे पाहुण्याचे स्वागत करतो, तेव्हा सभागृह त्याच्या ताब्यात जाते. सेन्सॉरमुळे इंग्लंडमध्ये न दिसलेला काही भाग जपानमधल्या प्रतीत शिल्लक होता. तो २०११ मध्ये टोकियोच्या चित्रपट-संग्रहात सापडला आणि पुनरुज्जीवित प्रतीत समाविष्ट झाला. तू मागवशील ती प्रत हीच असू दे.

आणि आता 'सायको'. या एका चित्रपटासाठी मी तुला हे एवढे लांब पत्र लिहीत आहे असे समजलास तरी चालेल. आपल्याकडे तीन, सहा आणि नऊ असे ठरलेले खेळ आणि तिकिटावर छापलेला खुर्चीचा क्रमांक यांची सवय असल्यामुळे अमेरिकेतली तेव्हाची पद्धत आपल्याला विचित्र वाटते. तेथे चित्रपट दिवसभर अखंड चाले, माणसे वाटेल तेव्हा आत शिरत, अर्ध्यातून पाहायला लागत आणि आपण आलो तो प्रसंग पुन्हा आला की उठून जात. १६ जून १९६० रोजी न्यूयॉर्कच्या डीमिल आणि बॅरोनेट या दोन चित्रगृहांत 'सायको' लागला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉक याने अट घातली की खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतच नायिका जॅनेट ली पडद्यावरून नाहीशी होते. उशिरा आलेला प्रेक्षक तिचीच वाट पाहत बसला असता आणि चित्रपटाचा सगळा बांध फुटला असता. फ्रान्समध्ये दिग्दर्शक क्लूझोने 'ले दियाबोलिक'च्या वेळी १९५५ मध्ये असा आग्रह धरला होता, हिचकॉकने तो मोठ्या प्रमाणावर राबवला. दारात घड्याळाकडे बोट दाखवणारी त्याची पुठ्ठ्याची आकृती उभी राहिली आणि रांगेतल्या लोकांना त्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला जाऊ लागला.

चित्रगृहचालकांसाठी छापलेल्या सूचना-पुस्तिकेत तर असेही सांगितले होते की शेवटची अक्षरे गेल्यावर पडदा ओढून घ्या, अर्धा मिनिट पूर्ण अंधार ठेवा आणि मग हिरवट दिवे लावा. त्या अर्ध्या मिनिटाचा मी नेहमी विचार करतो. चित्रपट संपलेला आहे, पण प्रेक्षकाला अजून घरी जाऊ द्यायचे नाही, हे एका दिग्दर्शकाने ठरवावे आणि देशभरच्या प्रोजेक्टर-चालकांनी ते पाळावे, ही गोष्ट मला 'सायको'तल्या त्या गाजलेल्या न्हाणीघराच्या प्रसंगाइतकीच मोठी वाटते. चित्रगृहांच्या मालकांना आधी गिऱ्हाईक परतवण्याची धास्ती होती. प्रत्यक्षात बाहेरची रांग हीच जाहिरात ठरली. सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून केलेल्या या कृष्णधवल चित्रपटाने प्रेक्षकांना वेळेवर यायला शिकवले.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रगृहात प्रथम दाखवला गेला. वयोगटाची नवी श्रेणीपद्धत नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, म्हणजे तो तिच्या आधीच येऊन पोहोचला होता आणि त्यामुळे काही ठिकाणी तो नेहमीच्या भुताखेतांच्या चित्रपटांप्रमाणे लहान मुलांच्या दुपारच्या खेळाला लावला गेला. समीक्षक रॉजर ईबर्टने अशाच एका खेळाविषयी लिहिले आहे: सुरुवातीला मुले मजेत ओरडत होती, मग हळूहळू गप्प झाली आणि काही रडू लागली. या चित्रपटात नायक वाचत नाही आणि आईबापही मुलांना वाचवू शकत नाहीत. सांगाड्यावर पॉपकॉर्न फेकणाऱ्या मुलांचा काळ त्या दुपारी संपला असे मी मानतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. 'हाउस ऑफ वॅक्स', 'द टिंगलर', हॅमरचा 'ड्रॅक्युला', 'सायको' आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' एवढेच पाच घे आणि याच क्रमाने दाखव. 'हाउस ऑफ वॅक्स' वगळता कशालाही मध्यंतर देऊ नकोस. 'द टिंगलर'च्या वेळी पडदा काळा होईल तेव्हा सभागृहातले बाहेर जाण्याच्या दारावरचे दिवे सोडून बाकी एकही दिवा, एकही मोबाइल चालू राहणार नाही याची आधीच तजवीज कर. 'सायको'च्या दिवशी दार वेळेवर लाव आणि अध्यक्ष उशिरा आले तर त्यांनाही बाहेर थांबव. शेवटी अर्धा मिनिट अंधार राहिलाच पाहिजे. शेवटच्या चित्रपटाला लहान मुलांना आणू नये, हे निमंत्रणपत्रिकेवर ठळक छाप. तारखा नक्की झाल्या की कळव. 'सायको'च्या रविवारी मी सांगलीला येणार आहे आणि दारावर उभे राहायला कोणी मिळाले नाही तर ते काम माझ्याकडे दे.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर