काका, आकाश अजून वाळलेलं नाही

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला निसर्गचित्र रंगवायला शिकवलंत, त्याचे समोरासमोर आभार मानले असते तर ‘पुरे, चहा टाक’ म्हणाला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नातू मोबाइलवरून वाचून दाखवेल, मध्येच उठून जाऊ नका.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही नेदरलँड्समध्ये हेगला लेकीकडे आलात, ९० दिवसांच्या व्हिसावर. समोरच्या फ्लॅटमध्ये साखर मागायला म्हणून आलात आणि माझ्या भिंतीवरचं चित्र बघून म्हणालात, ‘हे तळं मे महिन्यातलं का?’ तळं नव्हतंच ते, आकाश होतं. खाली तेलकट रंग आणि वर टर्पेंटाइन घालून पातळ केलेला, असं उलटं काम केल्यामुळे सगळीकडे भेगा पडल्या होत्या. तेव्हा तुम्ही नियम सांगितलात: खाली रुक्ष, वर तेलकट. आजही ब्रश उचलताना मी हे पुटपुटते.

बरोक, म्हणजे सतराव्या शतकातली युरोपीय कलाशैली, म्हटलं की मला सोनेरी नक्षी आणि गुबगुबीत देवदूत एवढंच आठवायचं. तुम्ही गुडघे दुखत असताना ट्रामने मला माउरित्सहाउस या संग्रहालयात नेलंत आणि त्याच काळातल्या डच चित्रकार याकोब व्हान राउसदालने रंगवलेल्या हार्लेम शहराच्या दृश्यासमोर उभं केलंत. १६७०-७५ च्या सुमाराचं, जेमतेम ५५ बाय ६२ सेंटीमीटरचं चित्र, त्यातही दोन तृतीयांश नुसतं आकाश. ‘हाताने आकाश झाक आणि सांग काय उरतं.’ मी हात वर केला तशी सुरक्षारक्षक खाकरली. पण कळायचं ते कळलं होतं. आकाश झाकल्यावर जमिनीवरच्या उन्हाच्या पट्ट्यांना काही कारणच उरत नव्हतं. ढगाची सावली जिथे संपते तिथेच शेत उजळतं. नाट्य सगळं त्यात.

त्या उजेडात गवतावर पांढरी कापडं पसरलेली दिसतात. हार्लेमला तेव्हा लिनन शुभ्र करायचा मोठा धंदा होता, कापड ताकातसुद्धा भिजवत. तुम्ही हसत म्हणालात, ‘लिनन जवसाचं, कॅनव्हास जवसाचा, रंगातलं तेल जवसाचं. चटणी तेवढी राहिली!’ ती दुसऱ्या दिवशी डब्यातून आली. खरं सांगते, तेलरंगाबद्दल वाचलेलं काहीही मला त्या चटणीइतकं पक्कं लक्षात नाही.

मग हार्लेमजवळच्या ओव्हरव्हेनच्या वाळूच्या टेकड्या. बोचऱ्या वाऱ्यात तुम्ही नातवाची कानटोपी घालून बसलात आणि मला फक्त पेन्सिल दिलीत. रंग घरी, असा हुकूम. घरी आल्यावर हिरव्या ट्यूबा काढून घेतल्यात. कॅनव्हासवर आधी अंबर नावाच्या मातकट रंगाचा तपकिरी हात, तो ओला असतानाच चिंधीने पुसून काढलेला उजेड, मग मळकट रंगांत सगळं चित्र. तीन आठवडे हिरवा नाही! मी किती कुरकुरले, ते इथे लिहीत नाही.

हिरवा पुढे ग्लेझमधून, म्हणजे पारदर्शक थरांतून आला, पातळ, एकावर एक. तेव्हाही मी एका जुन्या चित्रातली निळसर झाडं तशीच्या तशी उचलली, तर तुम्ही कपाळावर हात मारलात. ‘अगं, त्यातला पिवळा साडेतीनशे वर्षांत उडालाय. तू उडालेला रंग रंगवतेस?’

अडचण एकच झाली. थर वाळायला आठवडे लागतात आणि व्हिसा काही वाढत नाही. तुम्ही निघालात तेव्हा आकाशाला बोट लावलं तर ठसा उमटत होता. तो एक ठसा तुमचाच आहे, डावीकडच्या ढगात. मी तो बुजवलेला नाही.

आता उजवीकडच्या झाडीवर शेवटचं ग्लेझ बाकी आहे. नुसता अंबर लावू, की थोडा पिवळा मिसळू? रविवारी व्हिडिओ कॉल करते. या वेळी कॅमेरा पंख्याकडे नको, स्वतःकडे धरा.

तुमची,
समोरच्या फ्लॅटमधली