परवानगीने दुखणं थांबतं का?

संपादक साहेब, नमस्कार.

खेड्यातल्या बाया सरकारी दवाखान्यात येत नाहीत, जागृती करा, असं सारखं छापून येतं. अहो जागृती आहे की! आशाताई घरी येऊन सांगते, गोळ्या देते, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची फुकट तपासणी असते हे आमच्या धारूर-वडवणीकडं बहुतेकींना माहीत आहे. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळी निघाली की बाई सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात नाहीतर पार कर्नाटकात, मग ती ९ तारीख कुणाच्या कामाची? मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, म्हणजे उचल, कोयत्यावर घेतलेली, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या नावावर, एक दिवस दवाखान्यात गेली की खाडा धरून पैसे कापतात, मग बाई दुखणं अंगावर काढते. पोटुशी बाई पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते. नाव इकडच्या रजिस्टरला, तिकडच्या आशाला तिचा पत्ताच नाही.

आणि पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, हे वेळेत दाखवलं तर बऱ्याचदा औषधानं बरं होतं. पण फडात ना संडास ना आंघोळीला आडोसा, पाळीत कापड बदलायला उसाच्या सरीत जावं लागतं. उपकेंद्रात सिस्टर लसीकरण बघते, गरोदर बाया बघते, पण लेकरं झालेल्या तिशीतल्या बाईला कुणी विचारतं का? मग खाजगीत सोनोग्राफी, गर्भपिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, एवढं ऐकलं की बाई घाबरते आणि उचल घेऊन ऑपरेशन करून येते. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात अंडाशय पण काढलं तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, आणि तरी पुढच्या सीझनला कोयता हातात असतोच. त्यानंतर ऑपरेशनला सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली, चांगलंच झालं, पण परवानगीने दुखणं थांबतं का?

टोळ्या निघायच्या आधी गावातच लेडी डॉक्टरचा कॅम्प लावा, आणि तोही संध्याकाळी, कारण दिवसा बाया रानात असतात. कारखान्याकडे टोळ्यांची यादी असतेच, तीच तिथल्या आरोग्य केंद्राला द्यायला काय अडचण आहे? आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे कारखान्यानं मुकादमाला लेखी द्यावं.

एक वाचक, ता. धारूर, जि. बीड