अलंकरण म्हणजे उधळपट्टी नव्हे

महोदय,
सजावट म्हणजे वायफळ खर्च, हा समज विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुकलेत रुजला तो आजही टिकून आहे. अलंकरणावर कडाडून टीका करणारे वास्तुकार अडोल्फ लोस यांनीही व्हिएन्नात १९१०च्या सुमारास उभारलेल्या आपल्या इमारतीचे खालचे मजले हिरवट शिरांच्या संगमरवराने मढवले होते. भिंतीच्या माथ्यावरील कंगणी, म्हणजे बाहेर आलेली आडवी पट्टी, केवळ शोभेची वाटते, परंतु तिच्या खालच्या कडेला कोरलेली बारीक खाच पावसाचे पाणी भिंतीवर ओघळू न देता बाहेरच ठिबकवते. छापून चिकटवलेल्या नक्षीचे समर्थन मी करणार नाही. मात्र तिच्यामुळे सगळ्याच कारागिरीला नाकारणे अन्यायाचे आहे. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमांत अलंकरणाला मानाचे स्थान मिळावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक