खेळाडूच्या आईचे दुःख कोणाच्या मालकीचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका क्रिकेटपटूच्या संसाराविषयी 'निकटवर्तीयांकडून समजते' एवढ्याच आधारावर अर्धे पान मजकूर आला आहे. त्यात त्याच्या खेळाविषयी एक ओळही नाही आणि त्या कुटुंबाला काही विचारले होते असाही उल्लेख नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आम्हा बडोदेकरांना माजी कसोटीपटू अंशुमान गायकवाड घरच्यासारखे. १९७६ साली वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला ८१ धावांवर असताना कानावर चेंडू बसून ते जखमी झाले. ती दुखापत मैदानावरची होती, म्हणून तिची चर्चा होणे रास्तच होते. २०२४ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे माजी क्रिकेटपटू संदीप पाटील यांनी आपल्या स्तंभात लिहिले, पण ते गायकवाडांनी स्वतः त्यांच्याकडे पैशांची गरज बोलून दाखवल्यानंतर. पुढे कपिल देव यांनीही आवाज उठवला आणि क्रिकेट मंडळाने १ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ३१ जुलैला गायकवाड गेले. आजारपण ही खासगीच गोष्ट, परंतु ज्याचे आजारपण त्याने तोंड उघडल्यावर वृत्तपत्राने ते छापले, तर ते त्याच्या कामी येते.

याच्या अगदी उलट प्रकार इंग्लंडमध्ये घडला. सप्टेंबर २०१९ मध्ये, इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याच्या हेडिंग्ले मैदानावरील त्या अविस्मरणीय नाबाद १३५ धावांना महिनाही झाला नव्हता, तेव्हा 'द सन' या वृत्तपत्राने त्याच्या जन्माच्या ३ वर्षे आधी न्यूझीलंडमध्ये त्याच्या आईवर कोसळलेली आपत्ती पहिल्या पानावर छापली. तिचा तपशील मी येथे मुद्दाम देत नाही. एका नातेवाइकाने माहिती दिली आणि प्रकरण त्या वेळी तेथील वृत्तपत्रांत आलेच होते, असे समर्थन त्या वृत्तपत्राने केले. तीस वर्षांपूर्वी छापून आलेले दुःख पुन्हा उकरून काढण्याचा परवाना त्यातून कसा मिळतो, हे मला अजूनही उमगलेले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या वृत्तपत्राने माफी मागितली आणि स्टोक्स व त्याच्या आईला भरपाई दिली, पण तोवर दोन वर्षे उलटून गेली होती.

आपल्याकडेही खासगीपणाच्या हक्काविषयीच्या १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, काही अपवाद वगळता, सार्वजनिक नोंदींतील मजकूर छापण्यास मोकळीक दिली आहे. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल फार तर ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. म्हणजे कायदा जेथे थांबतो, तेथून पुढचा निर्णय संपादकाच्याच मेजावर होतो, आणि म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे.

एखाद्या खेळाडूने सामना विकला, मंडळाचा पैसा गैरमार्गाने वापरला किंवा कोणावर हात उगारला, तर ते जरूर छापावे, कोणाचीही भीड बाळगू नये. पण त्याची पत्नी, लहान मुले, वृद्ध आई यांनी भारताची टोपी घातलेली नसते. त्यांच्याविषयी काही छापण्यापूर्वी त्यांना विचारले जावे आणि उत्तर द्यायला पुरेसा वेळ मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. रविवारच्या मजकुराबाबत त्या कुटुंबाचे म्हणणे घेऊन ते त्याच पुरवणीत, तितक्याच जागेत छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वाचक, दांडिया बाजार, वडोदरा