केमोच्या फाइलमधले वजन वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज, सांगली, कराड, सातारा या पट्ट्यातल्या कर्करुग्णाला केमो किंवा रेडिएशनसाठी आता दर वेळी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांचा भारही हलका झाला आहे. पण उपचार चालू असताना रुग्ण किती खातो आणि त्याचे वजन कुठे चालले आहे, हे नियमाने पाहण्याची पद्धत अजून बसलेली नाही. हे पत्र त्यासाठी.

केमोच्या प्रत्येक सायकलला (ठरलेल्या फेरीला) वजन होते, कारण बहुतेक औषधांचा डोस उंची-वजनावरून काढतात. म्हणजे आकडा फाइलमध्ये असतोच. तो आजारापूर्वीच्या वजनाशी ताडायला दहा सेकंद लागतात: आजारापूर्वीच्या वजनातून आजचे वजन वजा करा, आजारापूर्वीच्या वजनाने भागा, शंभराने गुणा. साठ किलोचा माणूस सत्तावन्नवर आला तर घट पाच टक्के, चौपन्नवर आला तर दहा. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट म्हणजे कुपोषण सुरू झाले, दहाच्या पुढे गेली तर ते गंभीर झाले. ‘या आजारात वजन उतरायचेच’ असे म्हणून ती सोडून देऊ नये. वजन उतरले की उपचार सोसत नाहीत, सायकल पुढे ढकलावी लागते, जखमा भरत नाहीत.

घरीही आठवड्यातून एकदा वजन करावे. काटा तोच, सकाळी लघवी झाल्यावर, चपला काढून, साधारण तेवढ्याच कपड्यांत. मात्र पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो: पाणी वाढते, मांस झडते, आकडा जागच्या जागी राहतो. अशा वेळी दंडाचा घेर मोजावा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून, शिंप्याच्या टेपने. प्रौढ माणसात साडेतेवीस सेंटिमीटरच्या आत घेर आला तर आहारतज्ज्ञाला दाखवायलाच हवे. हाताशिवाय खुर्चीतून उठता येईनासे होणे हीसुद्धा तशीच खूण.

तोंडाच्या आणि घशाच्या रुग्णांची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते, आणि तंबाखू-मावा-मिश्रीच्या आपल्या भागात असे रुग्ण कमी नाहीत. त्यांचे रेडिएशन आठवड्याला पाच दिवस असे सहा-सात आठवडे चालते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते आणि खाणे बंद पडते. रेडिएशनच्या वेळी डोके हलू नये म्हणून त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा उपचार सुरू होण्याआधीच बनवलेला असतो. गाल बसले की तो सैल होतो, डोके हलते आणि किरण ठरलेल्या जागी पडतील याची खात्री राहत नाही. मग मुखवटा आणि नियोजन दोन्ही पुन्हा करावे लागते. म्हणून या रुग्णाची आहारतज्ज्ञाशी गाठ पहिल्या आठवड्यातच पडली पाहिजे, घास गिळेनासा झाल्यावर नव्हे.

खायचे किती? वजनाच्या किलोमागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने. पन्नास किलोच्या रुग्णाला 1250 ते 1500 कॅलरी आणि साठेक ग्रॅम प्रथिने धरा. हे घरच्या ताटात बसते: दोन अंडी 12 ग्रॅम, अर्धा लिटर दूध 16, पन्नास ग्रॅम कोरडी डाळ शिजवून 11, मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाण्याचे कूट 7, वाटीभर दही 5, ज्वारीच्या दोन भाकऱ्या 10. अंडी चालत नसतील तर सत्तर ग्रॅम पनीर. डाळ घट्ट हवी, वरचे पाणी नको. रुग्णाला ‘हलके’ म्हणून पेज आणि मुगाचे पाणी दिले जाते, त्यात पोट भरते पण पोषण होत नाही. त्याच पेजेत चमचाभर तूप (45 कॅलरी) आणि दोन मोठे चमचे दूध पावडर घातली तर तीच वाटी कामाची होते. पोषण पावडरीचे महागडे डबे जेवण कमी पडेल तेव्हा उपयोगी आहेत, जेवणाच्या बदली नाहीत.

‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ या समजाने तर फार नुकसान होते. शरीर स्वतःच साखर तयार करते, त्यासाठी गरज पडली तर मांस मोडते. गाठीला मिळायचे ते मिळतेच, झिजतो तो रुग्ण. मधुमेह नसेल तर साखर, गूळ, दूध बंद करायचे कारण नाही. तसाच ताकदीच्या सलाइनचा आग्रह. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीही नाहीत. एका भाकरीत याहून जास्त असतात. पाणी कमी पडले असेल तर सलाइन हवेच, पण ते जेवण नव्हे. अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) महाग बाटलीनेही पोषण होत नाही. रक्तातले अल्ब्युमिन शरीरातल्या दाहामुळेही उतरते.

मळमळ असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणाआधी अर्धा तास घ्यावी आणि दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खावे. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ करू नये, उलटीशी जोडला गेला की तो पुढे कित्येक दिवस नकोसा होतो. गार अन्नाला वास कमी येतो म्हणून ते बरे वाटते, पण ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचे औषध चालू असेल तर केमोनंतरचे काही दिवस गार काहीच नको, हातातोंडाला मुंग्या येतात आणि घसा आवळल्यासारखा होतो. तोंड आले असेल तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरावी. तिखट पूर्ण बंद.

केमोनंतर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात त्या दिवसांत फळेच बंद करण्याची गरज नाही, स्वच्छता हवी. द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुऊन, केळी-संत्री सोलून चालतात. कच्ची मोडाची मटकी, धारोष्ण दूध, कच्चे अंडे, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, रात्रीचा उरलेला भात हे टाळावे. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नाकातून नळी घातली म्हणजे शेवट आला, या भीतीने आठवडे वाया जातात. नळी बहुतेकदा तात्पुरती असते. चुकते ते काय भरायचे त्यात. डाळीचे पाणी, ताक आणि शहाळ्याचे पाणी दीड लिटर गेले तरी पाचशे कॅलरी होत नाहीत. त्याऐवजी 200 मिली दूध, 15 ग्रॅम दूध पावडर, 10 ग्रॅम मोड आणून दळलेल्या नाचणीचे पीठ शिजवून, दोन चमचे साखर, एक चमचा तेल. सुमारे 300 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. असे पाच वेळा दिले की पन्नास किलोच्या माणसाचे भागते. मोडाचेच पीठ घ्यावे, साधे पीठ खळीसारखे घट्ट होऊन नळी तुंबवते. बारीक चाळणीतून गाळून, रुग्णाला अर्धवट बसवून, वीस-तीस मिनिटांत हळूहळू सोडावे आणि पुढे तासभर आडवे करू नये. आधी व नंतर 30 मिली पाणी. गोळ्या अन्नात मिसळू नयेत, आणि कोणती गोळी कुटायची नाही हे विचारून घ्यावे. नाकाजवळची नळीवरची खूण दर वेळी पाहावी. ती सरकली असेल किंवा ठसका लागत असेल तर थेंबही सोडू नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ही कृती आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावी. आणि ज्याने पाच-सात दिवस जवळपास काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम पूर्ण आहार देणे धोक्याचे असते. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयावर ताण येतो. ती सुरुवात रुग्णालयातच, तपासण्या करत व्हावी.

क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून महिना 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. औषधाइतकेच अन्नही उपचाराचा भाग आहे, हे शासनाने तिथे मान्य केले. कर्करुग्णालाही तेच लागू व्हावे, अशी मागणी सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. तोवर रुग्णालयांना थांबायचे कारण नाही. केमोच्या डे-केअरमध्ये (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात) आहारतज्ज्ञ ठरलेल्या वेळी बसावा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर एक रबरी शिक्का असावा: आजारापूर्वीचे वजन, आजचे वजन, घट टक्के, आहारतज्ज्ञाची सही. पाच टक्क्यांच्या पुढे आकडा गेला आणि सही नसेल, तर नातेवाइकांनी ती मागून घ्यावी.

कळावे,
एक आहारतज्ज्ञ, मिरज (जि. सांगली)