त्र्यंबकला पोचून लगेच परत फिरू नका

नाशिक
१२ सप्टेंबर

चि. सलील,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. पहाटे घरून निघायचं, त्र्यंबक, घोटी, इगतपुरी करायचं आणि महामार्गाने रात्रीपर्यंत घरी यायचं. तुम्ही तिघं तरणे आहात, एका दिवसात हे कराल याबद्दल मला शंका नाही. पण शेवटचा निम्मा रस्ता कंटेनरचा धूर खात यायचा, तर पुण्याहून इथवर सायकली आणायच्या कशाला? माझं ऐक. मुक्काम त्र्यंबकला ठेवा, तीन दिवस काढा आणि ब्रह्मगिरीच्या डोंगराची रोज वेगळी बाजू बघा. फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि निम्मं विसरतोस, म्हणून लिहायला बसले.

हे रस्ते मला पायांनी माहीत आहेत. लग्नाआधी महिरावणीहून सातपूरला शाळेत जायचे ती आण्णांच्या सायकलवरून, आधी नळीखालून पाय घालून आणि उंची वाढल्यावर सीटवर बसून. पुढे संसारात पंचवीस वर्षं सायकलला हात लागला नाही. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ती सायकल शर्यत, रेस अक्रॉस अमेरिका, पूर्ण केली आणि गंगापूर रोडला पहाटे हेल्मेट घातलेली माणसं दिसायला लागली. त्यातलीच मी एक. तेव्हा तू दहावीत होतास.

त्र्यंबक म्हणजे पाणी वाटणारं गाव, हे आधी समजून घे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, तरी ती तिकडे जात नाही. त्याच डोंगररांगेतली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते, आणि तिचं पाणी धरणांत अडवून मुंबईला जातं. उत्तरेला वाघेऱ्याच्या पलीकडचे ओढे दमणगंगेला मिळतात. सायकलवर हे पुस्तकासारखं वाचावं लागत नाही. चढ संपतो, पाय हलके होतात, आणि रस्त्याकडेच्या चरातलं पाणी आता उलट्या दिशेला पळतंय हे दिसतं. हे एकदा बघितलंस की त्र्यंबकला नुसतं दर्शन घेऊन परतणं तुला जमायचं नाही.

पहिला दिवस सोपा ठेवा. घरून त्र्यंबक २८ किलोमीटर. सहाला निघा. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण सातपूर सोडल्यापासून मांड्यांना लागत राहतो. त्यात पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, म्हणून वेगाचा हिशेब करू नका. सिंहस्थ जवळ आल्याने रस्त्याची कामं निघाली आहेत. कुठे खडी पसरलेली असते, कुठे वाहनं वळवलेली असतात. पातळ टायरच्या सायकली असतील तर अशा जागी उतरून चाला. डाव्या हाताला अंजनेरी दिसायला लागला की थांबून पाणी प्या. त्या पठारावर या दिवसांत एक लहानसं रानफूल फुलतं, ते त्याच डोंगराच्या नावाने ओळखलं जातं, सेरोपेजिया अंजनेरिका. वर जाणार असाल तर पाय कुठे पडतोय ते बघून चाला, सड्यावर फतकल मारून बसू नका.

त्र्यंबकला भक्तनिवासात खोली मिळेल. संध्याकाळी कुशावर्तावर जा. मंदिराला रांग असली तर बाहेरूनच शांतपणे बघा. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतलेलं ते काळ्या दगडाचं काम पावसाने भिजलं की फार देखणं दिसतं.

दुसरा दिवस माझ्या सर्वांत आवडीचा. नाशिककडे थोडं मागे येऊन पेगलवाडी फाट्याला घोटीच्या रस्त्याला लागायचं. एका बाजूला ब्रह्मगिरी, दुसरीकडे अंजनेरी, आणि मधल्या खिंडीतून रस्ता पहिन्याकडे जातो. पहिन्याला शनिवार-रविवारी नाशिक आणि मुंबईच्या गाड्यांची एवढी दाटी होते की सायकल हातात धरून चालावं लागतं. म्हणून मी तुम्हाला मंगळवार, बुधवार, गुरुवार सांगते आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी याच अंगाने जाते. ती पायीच करायची असते. तुझ्या आजीबरोबर मी दोनदा केली आहे.

खिंड ओलांडली की वैतरणेचं खोरं. इथे घाई करू नकोस. भात पोटरीला आलेलं असतं, बांधावर तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि उतारावर सोनकीचा पिवळा. नागली आणि वरई डोंगराच्या अंगावर, जिथे नांगर चालत नाही तिथेही दिसते. एका वर्षी याच दिवसांत मी एका ओढ्यावरच्या मोरीपाशी थांबले होते. एक म्हातारा बांधावर बसून भाताच्या खाचरात पाणी किती ठेवायचं ते बघत होता. हाताने चिखलाची कड जरा दाबायचा, थांबायचा, पुन्हा थोडी उकरायचा. बोटभर फट, पण तेवढ्याने खालच्या तिन्ही खाचरांतलं पाणी हललेलं मला दिसलं. अर्धा तास मी तिथून हलले नाही. धरणाचं पाणी दिसेपर्यंत जा, काठावर डबा खा आणि आल्या वाटेने परत फिरा. घोटीपर्यंत जाण्याचा हट्ट नको. येताना तीच खिंड चढायची आहे हे लक्षात ठेवून पाय राखा. चढ सुरू होण्याआधी गिअर उतरव, जोर लागल्यावर बदललास तर चेन सटकते.

जव्हारच्या रस्त्याने आंबोलीपर्यंत एखादी संध्याकाळची चक्कर मारता येईल. त्याच बाजूला दुगारवाडीचा धबधबा आहे. तिथे उतरायचं नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा बघता बघता फुगतो, आणि परतीची वाट बंद होते. माणसं अडकली आहेत, वाहूनही गेली आहेत. या एका गोष्टीत मी ऐकणार नाही.

तिसरा दिवस लांबचा आणि दमवणारा. त्र्यंबकहून हरसूल, तिथून वाघेरा घाट चढून गिरणारे, आणि गंगापूर धरणाच्या बाजूने घरी. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली गुरं टाकण्याची जागा केली आहे. तुमच्या नशिबात असेल तर आभाळात लांब पंखांचं एखादं दिसेल.

आता हे उलटं का नाही, गिरणाऱ्याकडून घाट उतरून हरसूलला का नाही, ते सांगते. तुला आठवतं, २०१९ च्या जुलैमध्ये माझा कोपर फुटला होता? तुझी परीक्षा होती, म्हणून बाथरूममध्ये घसरले असं तुला सांगितलं. मी वाघेरा घाटात पडले होते. ब्रेकची रबरं झिजली आहेत हे मला दोन आठवड्यांपासून माहीत होतं. नाशकात भुरभुर होती, घाटात धो धो. ओल्या रिमवर ब्रेक दाबला तो लागलाच नाही, आणि वळणावर शेवाळ. सायकल एकीकडे, मी चरात.

खालच्या पाड्यावरची एक बाई काटक्यांची मोळी घेऊन येत होती. तिने मोळी रस्त्यात टाकली आणि मला धरून घरी नेलं. घर म्हणजे कुडाचं, आत धूर आणि अंधार. चुलीपाशी बसवलं, हळद गरम करून लावली, आणि बांधायला काही सापडेना तेव्हा दोरीवरचं आपलं जुनं लुगडं ओढून त्याची पट्टी फाडली. टर्रकन आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. दोरीवर दुसरं लुगडं नव्हतं. पट्टी बांधताना तिने मला नावगाव काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पोरं हायती ना? मंग हळू यावं."

म्हणून तुम्ही तो घाट चढायचा आहे. चढताना दम लागेल, उतरून ढकलावी लागली तर ढकला. त्र्यंबककडून हरसूलला जातानाही उतार आहेत; तिथे दोघांमध्ये चार सायकलींचं अंतर ठेवा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, आणि पाऊस जोरात आला तर सरळ थांबा.

बाबा म्हणत होते, गाडी घेऊन मागे मागे येतो. मी नको म्हटलं. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप, गूळदाणे आणि मीठ-साखरेच्या पुड्या एवढं घ्या, बाकी ओझं नको. ब्रेकच्या रबरांचे सहा जोड आणून ठेवले आहेत. आल्या दिवशी, जेवायच्या आधी, तिन्ही सायकलींची बदला.

आणि एक काम कर. कपाटात खालच्या फळीवर एक नवं लुगडं आहे, हिरवं, तांबड्या काठाचं. मी दोनदा घेऊन गेले, दोन्ही वेळा दाराला कडी होती. शेजारची म्हणाली, गिरणाऱ्याकडे द्राक्षाच्या कामाला गेली. आता भात शेतात उभं आहे, तेव्हा घरीच असेल. घाट सुरू होण्याआधी डाव्या हाताला चिंचेचं झाड आहे, त्याच्या मागचं तिसरं घर. माझं नाव तिला माहीत नाही. कोपर दाखव, कळेल तिला.

तुझी,
आई

ता. क. हरसूल सोडण्याआधी फोन कर. पुढे घाटात रेंज नसते.