पासपोर्ट ब्रिटिश, माणूस मात्र ब्रिटिश नागरिक नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हाँगकाँगहून ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या कुटुंबांविषयी आपण छापलेली बातमी वाचली. त्यात या लोकांना सरसकट 'ब्रिटिश नागरिक' म्हटले आहे. ते नागरिक असते, तर त्यांना व्हिसा कशाला लागला असता?

सहार विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी बावीस वर्षे पासपोर्ट तपासले. ब्रिटिश पासपोर्टवर बाहेरून तेच राजचिन्ह, तोच सिंह. फोटोच्या पानावर मात्र राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात कुणाचे 'ब्रिटिश सिटिझन', तर हाँगकाँगच्या कुणाचे 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)'. खाली यंत्राने वाचायच्या ओळीत पहिल्याचे जीबीआर, दुसऱ्याचे जीबीएन. फरक एका अक्षराचा, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क पहिल्यालाच.

वसाहतींतल्या लोकांना नागरिकांपासून वेगळे काढणारी विभागणी ब्रिटनच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून लागू झाली; ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगसाठीचा 'ओव्हरसीज' प्रकार १९८७ मध्ये आला. १९८३ आधी वसाहतींतल्या माणसांच्या आणि लंडनच्या माणसाच्या नागरिकत्वाचे नाव तरी एक होते. मग अर्जेंटिनाशी युद्ध झाले म्हणून ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांच्या रहिवाशांना १९८३ मध्येच पूर्ण नागरिकत्व मिळाले. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना या ब्रिटिश बेटाला राजा दुसरा चार्ल्स याने १६७३ च्या सनदेने इंग्लंडमधल्या प्रजेसारखेच हक्क दिले होते, पण तिथल्या लोकांना २१ मे २००२ पर्यंत ताटकळत ठेवले. हा भेदभाव मला आजही पटत नाही.

१९९७ च्या जानेवारीतली गोष्ट; त्या जुलैत ब्रिटन हाँगकाँग चीनला परत देणार होते. हाँगकाँगमध्ये जन्मलेला एक सिंधी तरुण बायको-मुलीसह परत निघाला होता. बोर्डिंग पास देताना त्याने पासपोर्ट उघडून 'ओव्हरसीज' या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हे मुलांना वारशाने मिळत नाही म्हणतात. जुलैनंतर आम्हाला दुसरं मूल झालं तर त्याच्या पासपोर्टवर काय लिहितील?" त्याचे आईवडील भारतातून गेलेले, चीन त्याला आपला मानणार नव्हता आणि ब्रिटन घरात घेत नव्हते. मागे रांग खोळंबली होती. मी नुसताच त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मार्चमध्ये ब्रिटनने कायदा केला. दुसऱ्या कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या हाँगकाँगच्या अशा रहिवाशांना अर्ज करून पूर्ण नागरिक होता येऊ लागले. पण तोवर त्या कुटुंबांनी काढलेले दिवस कोण मोजणार?

'ओव्हरसीज' दर्जा असलेल्या हाँगकाँगच्या बाकीच्या लोकांना ३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा खास व्हिसा मिळू लागला. त्यासाठी शुल्क भरायचे, पाच वर्षे राहायचे, मग कायम वास्तव्याचा अर्ज, आणि त्यानंतर कुठे नागरिकत्व. ज्या देशाचा पासपोर्ट खिशात, त्याच देशात राहायला व्हिसा!

म्हणून विनंती, की अशा बातमीत 'ब्रिटिश नागरिक' न छापता पासपोर्टच्या रकान्यात आहेत तेच शब्द छापावेत, आणि कालच्या बातमीची दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक निवृत्त विमानतळ कर्मचारी,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई